आधी मासा, मग आमिष, रील सगळ्यात शेवटी

नकली आमिष फेकून मासा धरायचा हलका स्पिनिंग सेट, म्हणजे रॉड (काठी), रील (दोरी गुंडाळायचं चक्र) आणि दोरी, घ्यायचा ठरला की चौकशी रीलपासून सुरू होते. किती बेअरिंगचं आहे? ड्रॅग किती किलोचा? १००० मापाचं घेऊ की २५०० मापाचं? रॉड मग त्या रीलवर बसेल तो, आणि दोरी दुकानदार गुंडाळून देईल ती. हा क्रम पुरता उलटा करा, एवढंच मला सांगायचंय. आधी मासा ठरवा. मग तो ज्याच्यावर झडप घालतो ते आमिष, त्या आमिषाच्या वजनाला जुळणारा रॉड, रॉडला झेपेल ती दोरी आणि शेवटी ती दोरी मावेल एवढं रील. या क्रमानं गेलात तर जाहिरातीतले निम्मे आकडे आपोआप गळून पडतात, आणि पैसेही वाचतात.

आपल्या पाण्यात कोण आहे

मराठवाड्यात गळ टाकणारे बहुतेक जण कणकेचा नाहीतर पेंडीचा गोळा लावून रोहू, कटला, मृगळ यांच्या मागं असतात. हे मासे सूक्ष्म शेवाळ, पाण्यात तरंगणारे बारीक जीव, तळाचा कुजका पाला अशा गोष्टींवर वाढतात. पळणाऱ्या नकली माशामागं ते सहसा धावत नाहीत. तुमचा जीव कटल्यातच अडकला असेल तर लुअरच्या सेटवर पैसे घालू नका, तुमचा जुना गळच बरा.

लुअर म्हणजे धातू, लाकूड, प्लास्टिक किंवा रबराचं नकली आमिष. पाण्यातून ओढलं की लहान मासा, बेडूक किंवा किडा पळतोय असं वाटावं, असं ते घडवलेलं असतं. त्यावर येतात ते शिकारी मासे. आपल्याकडं त्यात पहिली मरळ, मग शिंगटा, शिवडा आणि कोपऱ्याकोपऱ्यात माजलेली चिलापी. चिलापी खरं तर काहीही खाते, पण आपल्या घरट्याजवळ आलेल्या छोट्या चमकत्या पात्यावर ती रागानं तुटून पडते. शिवडा मीटरभराच्या पुढं वाढतो. खास त्याच्यासाठी म्हणून हलका सेट घेऊ नये. लहान शिवडा अधूनमधून लागेल, मोठा लागला तर दोरी घेऊन जाईल.

मरळीचं नीट समजून घ्या, कारण निम्मे लोक सेट घेतात ते तिच्यासाठी. ती हवेतला श्वास घेणारा मासा आहे. थोड्या थोड्या वेळानं वर येते, तोंड टेकवते, एक बुडबुडा सोडते आणि खाली जाते. सकाळी कोल्हापुरी बंधाऱ्याच्या साठ्यावर किंवा पाझर तलावाच्या काठी स्वस्थ उभं राहिलं की ती गोल वलयं दिसतात. वलय मोकळ्या पाण्यात दिसलं तर हलका सेट पुरतो. जलपर्णी, कमळाची पानं किंवा पाण्यात बुडालेल्या बाभळी असतील, तर मात्र हलक्या सेटचा विचार सोडा. मरळ लागताक्षणी गवतात डोकं खुपसते आणि तिला तिथून उपटून काढावं लागतं. त्याला जाड रॉड, किमान ३० पौंडी, म्हणजे ३० पौंडांची ओढ सोसणारी दोरी आणि रबराचा बेडूक लागतो. तो सेट वेगळा, त्याचं गणित वेगळं. दोन्ही कामं एकाच सेटमध्ये बसवायला गेलं की एकही धड होत नाही.

मरळीच्या बाबतीत आणखी एक कळकळीची गोष्ट. पावसाळ्यात नर-मादी दोघं पिल्लांची राखण करतात. तांबूस-नारिंगी पिल्लांचा झुबका पाण्यावर खळबळताना दिसतो आणि त्याच्याखाली आई-बाप असतात. त्या झुबक्यावर लुअर टाकलं की ते हमखास चावतात, पण ते राखण करायला, भुकेनं नव्हे. तेव्हा मरळ काढली की मागची पिल्लं दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. झुबका दिसला की दुसरीकडं वळा.

आणि परवानगी. आपल्या बहुतेक तलाव-धरणांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडं असतो. येलदरी असो, माजलगाव असो की गावचा पाझर तलाव, तिथल्या भोई मंडळींना आधी विचारा. परवानगीही मिळते आणि मासा कुठं बसतो तेही कळतं. जायकवाडीचा नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथं वनखात्याला विचारल्याशिवाय काही करू नये.

आमिषाचं वजन आणि रॉडवरचे आकडे

चिलापी, लहान-मध्यम मरळ, शिंगटा असा विचार धरला तर आमिषं ठरली: ४ ते ७ ग्रॅमचा स्पिनर, म्हणजे तारेवर गरगर फिरणारं पातं, ७ ते १० ग्रॅमचा चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचं धातूचं पातं, ५ ते ८ सेंटिमीटर लांबीचा छोटा नकली मासा, आणि जिग हेडवर लावलेलं रबरी आमिष. जिग हेड म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ. वजन धरताना डोकं आणि रबर दोन्हींचं मिळून धरायचं. साडेतीन ग्रॅमच्या डोक्यावर दोन ग्रॅमचं रबर चढलं की ते साडेपाच झालं. परदेशी पाकिटावर वजन औंसात असतं. १ औंस म्हणजे २८ ग्रॅम आणि थोडं वर, म्हणून १/८ औंस साडेतीन ग्रॅम, १/४ औंस ७ ग्रॅम आणि १/२ औंस १४ ग्रॅम.

आता रॉड. मुठीच्या वरच्या बाजूला बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं: लांबी, ताकद, आमिषाचं वजन, दोरीची ताकद. यातला आमिषाच्या वजनाचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच कुणी वाचत नाही. लुअर लांब जातं ते हाताच्या जोरापेक्षा रॉडच्या वाकण्यानं. रॉड मागं नेला की आमिषाच्या वजनानं तो वाकतो, आणि सरळ होताना आमिष फेकतो. गोफणीत हरभऱ्याएवढा खडा घातला तर कितीही जोरानं भिरकवा, तो पिकावरचं पाखरू उठवू शकत नाही. तसंच १० ते ३० ग्रॅमच्या रॉडला ४ ग्रॅमचा स्पिनर लावला की रॉड वाकतच नाही आणि स्पिनर पुढ्यात पडतो. मग माणूस रीलला दोष देतो, महागडं रील घेतो, आणि स्पिनर पुन्हा तिथंच पडतो.

ताकदीचे वर्ग साधारण असे असतात: अल्ट्रालाइट १ ते ७ ग्रॅम, लाइट ३ ते १०, मीडियम लाइट ५ ते १५, मीडियम ७ ते २१, मीडियम हेवी १० ते २८ किंवा पुढं. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, म्हणून नावाकडं न बघता ग्रॅम बघायचे. दोन टोकांमधला जो पट्टा दिलाय त्याच्या मधल्या वजनाला रॉड सगळ्यात छान चालतो. ५ ते १५ चा रॉड ७ ते १० ग्रॅमला फुलतो, ५ ला जेमतेम चालतो आणि १५ ला कुरकुरतो.

पहिला आणि एकच सेट घेणार असाल तर माझं मत मीडियम लाइटच्या बाजूनं, साडेसहा ते सात फूट. अल्ट्रालाइट हातात घेतला की मोह होतो, पाव किलोची चिलापीही त्यावर मोठी वाटते. पण आपल्या धरणांच्या तळाशी बुडालेली झाडं आणि जुन्या शेतांचे बांध आहेत. तिथं किलोभराची मरळ लागली तर तिला अडवायला थोडा कणा लागतो. सात फुटांपेक्षा लांब रॉड उघड्या धरणकाठावरून चांगला फेकतो, पण नदीकाठी वेड्या बाभळीखाली उभं राहून टाकताना तोच अडचण होतो.

वाकायच्या पद्धतीला ॲक्शन म्हणतात. फास्ट रॉडचं फक्त टोक वाकतं, मॉडरेट रॉड मधल्या भागापर्यंत वाकतो. रबरी आमिषाच्या एका गळाला फास्ट चांगला, कारण माशानं टोचा मारल्याचं लगेच हाताला कळतं आणि गळ पटकन रुततो. स्पिनर किंवा नकली माशाला बारीक तीन तोंडांचे गळ असतात. त्यांना थोडा मऊ रॉड बरा, नाहीतर माशानं उडी मारली की गळ निसटतो. एकच घ्यायचा असेल तर दोन्हींच्या मधला, मॉडरेट-फास्ट लिहिलेला शोधा.

रॉड काचतंतूचा किंवा कार्बनचा. काचतंतूचा जड पण चिवट, कार्बनचा हलका आणि संवेदनशील, पण आपटला तर तडकतो. कार्बनवर २४ टन, ३० टन असं लिहितात. तो आकडा कार्बनच्या ताठपणाचा आहे. रॉड किती वजन उचलेल याच्याशी त्याचा संबंध नाही. जास्त टनाचा रॉड हलका आणि ठिसूळ. पहिल्या रॉडला २४ टन भरपूर झालं.

कार्बनमधून वीज वाहते, हे मात्र डोक्यात पक्कं बसवा. काठावर शेतकऱ्यांच्या मोटारींच्या तारा असतात, कुठं कुठं विजेच्या तारा पाण्यावरूनच गेलेल्या असतात. सात फुटांचा रॉड मागं नेताना वर बघितलंच पाहिजे. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर आभाळ भरून आलं, लांब गडगडलं, की रॉड खाली ठेवून काठापासून दूर व्हायचं. मासा उद्याही असतो. मराठवाड्यात दरवर्षी वीज पडून माणसं जातात. त्या उघड्या काठावर हातात उभा कार्बन धरून थांबू नका.

दुकानात हमखास पुढं केला जातो तो टेलिस्कोपिक, म्हणजे फोल्डिंगचा रॉड. पिशवीत मावतो म्हणून लोकांना आवडतो. कणकेच्या गळाला तो चालेल, लुअरसाठी घेऊ नका. प्रत्येक सांध्याला तो ताठ राहतो म्हणून सलग वाकत नाही, दोरी ओवायच्या कड्या कमी असतात आणि दिवसभर फेकून फेकून सांधे ढिले होतात. मोटारसायकलवर न्यायचाच असेल तर दोन तुकड्यांचा घ्या. सात फुटांचा रॉड मोडून साडेतीन फुटांचा होतो आणि पीव्हीसी पाइपात घालून आरामात जातो.

दोरी

नायलॉनचा तंगूस स्वस्त, गाठ सोपी, पण तो ताणला जातो. तीस मीटरवर मासा टोचा मारतो आणि निम्मं ताणण्यातच विरून जातं. विणलेली दोरी, म्हणजे ब्रेडेड, जवळपास ताणत नाही आणि त्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा खूप बारीक असते, म्हणून हलकं आमिष लांब जातं. जपानी मोजणीत तिच्यावर पीई ०.८, पीई १ असं लिहितात. पीई १ ची जाडी साधारण ०.१६५ मिलिमीटर. या सेटला ०.८ ते १ बास. पाकिटावरचे पौंड बघून हुरळू नका, स्वस्त दोऱ्यांवर ते फुगवलेले असतात. जाडी बघा.

ब्रेडेड दोरी दगडावर घासली की लगेच तुटते आणि स्वच्छ पाण्यात दिसते. म्हणून पुढं हात-दीड हात १२ ते १६ पौंडी तंगूस किंवा फ्लोरोकार्बन जोडायचा. त्याला लीडर म्हणतात. गाठ डबल युनी शिका. एफजी गाठ बारीक आणि पक्की, पण वाऱ्यात उभं राहून बांधायची तर हात बसावा लागतो. गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करा, कोरडी आवळली की घर्षणाच्या उष्णतेनं दोरी कमजोर होते.

आता रील

स्पिनिंग रीलमध्ये दोरीचं रीळ, म्हणजे स्पूल, जागेवर स्थिर असतं आणि दोरी त्याच्या टोकावरून सुटते. गुंडाळताना तारेची कमान, बेल, स्पूलभोवती फिरते. १९०५ साली ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थ या गिरणीमालकानं अशा रीलचं पेटंट घेतलं. गिरणीत सूत स्थिर रिळाच्या टोकावरून सरसर सुटतं, तीच युक्ती त्यानं गळाला लावली. नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये हयात घालवलेल्या कुणालाही ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. हलक्या आमिषाला हेच रील का, याचं उत्तरही इथंच आहे. बेटकास्टर रीलमध्ये अख्खं स्पूल फिरतं, आणि पाच ग्रॅमच्या ओढीला ते नीट फिरत नाही. इथं काही फिरवायचंच नसतं.

१०००, २०००, २५००, ३०००, ४००० हे आकडे मापाचे, पण सगळ्या कंपन्यांचं एक माप नाही. शिमानोचं सी३००० म्हणजे २५०० च्या अंगावर बसवलेलं ३००० चं स्पूल. डायवाच्या एलटी मालिकेतलं २५०० त्यांच्याच जुन्या २५०० पेक्षा लहान आहे. म्हणून आकड्याबरोबर वजन वाचा. मीडियम लाइट रॉडला २००० किंवा २५०० चं, अडीचशे ग्रॅमच्या आतलं रील शोभतं. दिवसभर फेकायचं आहे, जास्तीचे शंभर ग्रॅम दुपारपर्यंत मनगटात उतरतात.

गिअर रेशो म्हणजे हँडलच्या एका फेरीत बेल किती फेऱ्या मारते. ५.२:१ असेल तर पाचाच्या थोडं वर. भरलेल्या स्पूलचा व्यास साडेचार सेंटिमीटर धरा, त्याचा परीघ झाला १४ सेंटिमीटर. त्याला ५.२ नं गुणलं की एका फेरीत ७३ सेंटिमीटर दोरी आत येते. ६.२:१ ला तीच ८७ च्या आसपास. स्पिनर आणि नकली मासा हळू ओढायचे असतात आणि नवख्याचा हात मुळातच घाईनं फिरतो. म्हणून ५ ते ५.३ च घ्या.

बेअरिंगच्या संख्येवर एक रुपयाही जास्त देऊ नका. '१२+१' लिहिलेलं स्वस्त रील हातात घेऊन फिरवा आणि चांगल्या कंपनीचं ३+१ फिरवा. हँडलच्या मुठीतही बेअरिंग घालून संख्या वाढवता येते. बघायचं असेल तर बेलच्या टोकाची छोटी चकरी बघा. दोरी तिच्यावरून वळते. तिच्यावर बोट फिरवलं तर ती मोकळी फिरली पाहिजे. अडकत असेल तर दोरी घासते आणि पिळते.

ड्रॅग म्हणजे माशानं जोरात ओढल्यावर दोरी तुटण्याआधी स्पूलनं सरकून द्यायची सोय. खोक्यावर ८ किलो, ९ किलो छापलेलं असतं. आपल्याला ते कधीच लागणार नाही. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर ठेवायचा असतो. १० पौंडाची, म्हणजे साडेचार किलोची दोरी असेल तर किलोच्या थोडं वर ते दीड किलो. कमाल आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे, की स्पूल झटका न देता सुटतं का. दोरी कड्यांतून ओवून टोक कुणाला तरी हळू ओढायला सांगा. आधी अडकून मग 'खट्' करून सुटत असेल तर ते रील ठेवून द्या. त्या एका झटक्यात लीडर तुटतो.

आपलं पाणी गोडं आहे. खाऱ्या पाण्यासाठी सीलबंद केलेल्या रीलचे जादा पैसे देण्याची इथं गरज नाही. खरा शत्रू काळ्या मातीचा बारीक गाळ. रील चिखलावर टेकवू नका.

पाच हजार हातात असतील तर मी दोन हजार रॉडला, दोन हजार रीलला आणि उरलेले हजार रुपये दोरी, लीडर व चार-पाच आमिषांना ठेवेन. खोक्यातला तयार सेट घेतलात तर त्याच्यासोबत आलेली दोरी काढून टाका.

खोकं उघडल्यावर

मराठवाड्यात बहुतेकांचा सेट कुरिअरनं येतो, म्हणून परतीची मुदत असेपर्यंत तपासून घ्या. कापसाचा छोटा बोळा घ्या, तो आपल्याकडं कुठंही मिळेल, आणि प्रत्येक कडीच्या आतून फिरवा. कडीला आत चिनीमातीचं गुळगुळीत वलय असतं. ते कुठं तडकलं असेल तर डोळ्याला दिसत नाही, पण कापसाचे तंतू तिथं अडकतात. तीच तडक ब्रेडेड दोरी कापते. मग रॉडच्या दोन्ही तुकड्यांच्या कड्या एका रेषेत येतात का, ते मुठीकडून एक डोळा मिटून बघा. रील लावा आणि रीलच्या थोडं पुढं रॉड एका बोटावर तोला. तो तिथं आडवा राहिला तर जोडी जमली. टोक झपकन खाली गेलं तर रील फार हलकं आहे किंवा रॉड फार लांब.

दोरी भरताना आधी थोडा तंगूस गुंडाळा, नाहीतर ब्रेडेड दोरी गुळगुळीत स्पूलवर अख्खीच्या अख्खी घसरते. वर १०० ते १५० मीटर ब्रेडेड पुरे, फेक तीस-चाळीस मीटरच्या पुढं क्वचित जाते. स्पूलच्या काठापासून दीड-दोन मिलिमीटर जागा ठेवा. कमी भरली तर दोरी काठावर घासून फेक तोकडी पडते, जास्त भरली तर वेटोळी एकदम सुटून गुंता होतो. आमिष पाण्यात पडलं की बेल हातानं बंद करा, हँडल फिरवून नव्हे, आणि दोरी एकदा बोटानं ताणून घ्या. उघड्या धरणावर वारा असतो, सैल राहिलेलं एक वेटोळं पुढच्या फेकीला गाठ होऊन निघतं.

ड्रॅग लावायला काटा नसला तरी चालतो. एक लिटरची पाण्यानं भरलेली बाटली साधारण किलोची. रील हातात धरून दोरीला बाटली थेट लोंबकळवा. बाटली तोलली गेली पाहिजे आणि वरून बोटानं हलकं दाबलं की स्पूल संथ सरकलं पाहिजे. तेवढ्यावर ड्रॅगची कळ थांबवा. संध्याकाळी घरी आल्यावर ओल्या फडक्यानं रील पुसून घ्या आणि ड्रॅग सैल करून ठेवा. आवळलेला राहिला तर आतल्या चकत्या दबून एकमेकींना चिकटतात आणि पुढच्या वेळी तोच झटका देतात.